पंधराच्या वरचे आकडे

भोसरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर काढलेली कामगारांची पहिली यादी भिंतीवर लागली. ज्योतीरामच्या नावापुढे होते एकोणतीस. त्याला त्याचा अर्थ लागेना. तो तडक कॉम्प्युटर खात्यातल्या नीलिमाबाईंकडे गेला.

"लेथ येत असेल तर एक, मिलिंगला दोन, वेल्डिंगला चार, ग्राइंडिंगला आठ," बाई म्हणाल्या. "बेरजेवरून कुणाला काय काय येतं ते बरोबर कळतं."

त्याला मिलिंग सोडून सगळं येत होतं. म्हणजे तेरा. चारही कामं येणाऱ्याचे झाले तरी पंधराच.

"मग वरचे सोळा कशाचे?"

"ते साहेबांनी घालायला सांगितलंय." बाईंनी मान वर केली नाही.

तो यादीपाशी परतला. पंधराच्या वरचे आकडे त्याच्यासकट नऊ जणांचे होते. गेल्या रविवारी दिघीत, सदाशिवच्या खोलीवर, दार लावून युनियनच्या बैठकीला हेच नऊ आणि सदाशिव, असे दहा जण बसले होते.

सदाशिवपुढे नुसते सात होते.