दमणगंगेतले चौदा अंश

मित्रांनो, मी एक जुने, हाताने दांडी फिरवून चालवायचे गणकयंत्र आहे. सिल्वासातल्या एका शाळेच्या कपाटात मी असते. माझ्या पोटातली दातेरी चाके एका कचेरीत बरीच झिजली आणि १९६६ साली मी विजयाबाईंच्या टेबलावर आले. रत्नागिरीकडच्या या बाई इथे गणित शिकवत.

तेव्हा दमणगंगेवर एक नाव इंजिनाशिवाय चाले. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला ती बांधलेली असे. तिच्या पोटाखालची फळी तिरकी धरली की प्रवाहच तिला पैलतीरी ढकले. बांधकामावर देखरेख करणारे ओव्हरसियर भास्करराव परुळेकर यांनी माशाच्या पाठीसारखी गोलसर नवी फळी करवून घेतली. पण पुरात ती किती तिरकी धरायची, हे त्यांनी विजयाबाईंना विचारले. थोडी तिरकी केली तर जोर वाढतो. फार केली, तर पाणी फळीच्या पाठीवरून सुटते, मागे भोवरे होतात आणि जोर जातो.

विजयाबाईंनी कागदावर फळी काढली, भोवती शेकडो चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात प्रवाहाचा एक आकडा. शेजारच्या चार आकड्यांची सरासरी काढायची, आकडा सुधारायचा, पुन्हा पहिल्यापासून. अडीच महिने मी फिरत होते. शेवटी उत्तर आले, चौदा अंश. घाटावरच्या पाटीवर ते लिहिले गेले. शाळेने माझे कौतुक केले. हातचा घेताना माझे एक चाक कधीकधी निसटते, हे मला ठाऊक होते. पण मी सांगणार कशी?

श्रावणात बाईंना एक बेरीज चुकलेली सापडली. त्यांनी सगळी पाने हाताने तपासायला घेतली आणि मला दुरुस्तीसाठी पलीकडच्या गावी नेले. कारागीर भेटला नाही. जाताना पाणी बेताचे होते, परतताना नदी चढली होती. नावेत परिचारिका उषाताई होत्या आणि कळा येत असलेली एक बाई. तिला सिल्वासाच्या दवाखान्यात पोहोचवायचे होते.

मधोमध नाव थबकली. तार करकरू लागली.

नावाडी बारकूभाई म्हणाले, "बेन, चौदावरच आहे. पाणी जोर करतंय, अजून तिरकी करतो."

"थांबा, बारकूभाई. एक पान तपासायचं राहिलंय."

बाईंनी ते पान माझ्या पाठीवर पसरले आणि पेन्सिलीने बेरजा करू लागल्या. वरून एक उन्मळलेले झाड वाहत येत होते. उषाताई त्या गरोदर बाईचा हात धरून विजयाबाईंना म्हणाल्या, "बाई, हिला वेळ नाही."

पेन्सिल थांबली. एक हातचा राहिला होता. तो धरला, तर नऊ अंशांच्या पुढेच पाणी फळीवरून सुटत होते.

"नऊवर आणा."

"कमी करू? जोर जाईल की."

"जोर आधीच गेलाय. चूक माझ्या आकड्यात होती, तुमची नाही."

बारकूभाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि फळीचा दांडा मागे ओढला. खालची खळखळ थांबली. नाव एकदम पुढे सरकली. झाड आमच्या मागून, हातभर अंतरावरून गेले.

त्या संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी घाटावरच्या पाटीवरचे 'चौदा' स्वतः खोडले, 'नऊ' लिहिले आणि खाली आपली सही केली.

मित्रांनो, आता मला कोणी फिरवत नाही. माझ्यावरची धूळ कधी झटकलीत तर बरे वाटेल. पण माझ्यासारख्या कोणत्याही यंत्राने उत्तर दिले, तर एकदा स्वतः पडताळून पाहा. तुमच्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणीतरी नावेत बसलेले असते.