बधिर पायाची पैज

शिंपीदादांच्या पायातली जाणीव मधुमेहानं कधी खाल्ली, ते त्यांनाही कळलं नाही. कळलं ते मेहुण्याला. दुकानात दोघं शेजारी शेजारी शिवायला बसत. एकदा दादांच्या तळव्यात टाचणी रुतलेली, आणि दादा आपले निवांत कॉलर शिवताहेत! मेहुण्याला हसू आवरेना.

तेव्हापासून खेळच झाला. गिऱ्हाईक आलं की मेहुणा म्हणायचा, "आमच्या भाऊजींचा पाय लाकडाचा आहे. लावता का पैज, चहाची?" मग दादांना डोळे मिटायला लावून अंगठ्याखाली टाचणी खुपसायचा.

"टोचली का?"

"कधी?" दादा विचारत, आणि दुकान खदखदून हसे. दादाही हसत. जन्मभर खाली मान घालून शिवलेल्या माणसाभोवती पहिल्यांदाच चार लोक जमत होते.

महिन्याभरात अंगठ्याखाली कोटाच्या बटणाएवढी जखम पडली. "दुखतं का? नाही ना? मग कसली जखम!" मेहुणा म्हणाला. दादांनाही पटलं. पुढे अंगठा काळा पडला, वास सुटला. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावू लागली, तशी मेहुण्यानं दादांचं मशीन मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांआड ढकललं. शेवटी बायकोनंच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. मेहुणाही बरोबर आला.

डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं आणि त्या थबकल्या. "तळव्याला एवढी भोकं? कशानं झाली?"

दादांनी मेहुण्याकडे पाहिलं. तो छताचा पंखा बघत होता.

"शिंप्याचं दुकान," दादा म्हणाले, "टाचण्या पडलेल्याच असतात."

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. "सतरांदा सांगितलं, अनवाणी फिरू नका म्हणून!"

"ऐकतात कुणाचं!" मेहुणा म्हणाला.

गुडघ्याखालून पाय काढावा लागला. तिसऱ्या दिवशी मेहुणा भेटायला आला, चादरीकडे बघून म्हणाला, "चला भाऊजी, आता तुमच्या पँटला कापड कमी लागेल." शेजारच्या खाटेवरचा माणूस फिस्सकन हसला. सवयीनं दादांच्याही तोंडावर हसू आलं, आणि ते काही केल्या जाईना.

मेहुणा गेल्यावर बायको म्हणाली, "माझा भाऊ म्हणून निभावतोय हो. एवढं कोण करतं आजकाल?"

दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.