डाव्या हाताची कॉफी

ताईंनी डाव्या हाताने कॉफीचा खटका दाबला आणि त्याच दमात उजव्या हाताने दुधाचं भांडं वाफेच्या नळीखाली धरलं. सत्तावीस वर्षांची सवय. हातांनी त्यांना विचारलंच नाही. दोन सेकंद भांडं जागेवर राहिलं, मग बोटं सैल पडली आणि सगळं दूध कॉफी मशीनच्या दुकानातल्या चकचकीत ओट्यावरून थेट विक्रेत्याच्या बुटांवर गेलं. तिकडे कॉफी कप भरून बशीत, बशी भरून ओट्यावर वाहत होती.

लेक फडकं घेऊन पुढे झाली.

"सोड आई, मी पुसते."

"मी सांडलंय, मीच पुसणार," ताई म्हणाल्या आणि फडकं तिच्या हातातून ओढून घेतलं.

बाईच्या नाकावर माशी बसत नव्हती, हे खरं. एका मोठ्या कचेरीच्या तळमजल्यावर कॉफीचा काउंटर त्यांनी एकहाती चालवला होता. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना ताई म्हणायचे आणि सगळेच त्यांना वचकून असायचे. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र अजून रुसलेलाच होता. परगावी पुलांचे नकाशे काढणारी लेक रजा टाकून धावत आली आणि पहिल्याच आठवड्यात, आईला धीर यावा म्हणून, बोलून गेली, "तू स्वतःच्या हाताने कॉफी करून प्यायलीस ना, की मी लगेच जाते बघ." लेक बोलून विसरली असेल. ताईंनी ते बोलणं गाठीला बांधलं. आपल्यापायी पोरीची नोकरी जाता कामा नये, हे एकच त्यांच्या डोक्यात होतं. रजा सोमवारी संपत होती, आणि आज शुक्रवार होता.

"मावशी, तुम्ही दोन बॉयलरचं मशीन मागितलंत म्हणून मी लावून दिलं," विक्रेता बूट झटकत म्हणाला. टक्कल पडलेला, पोक्त माणूस. दूध सांडल्याचं त्याने मनावर घेतलं नव्हतं. "पण त्यात दोन्ही हात एकदम चालावे लागतात. ते कोपऱ्यातलं बघा. एक बटण दाबायचं. दळणं, कॉफी, दूध, सगळं तेच करतं."

"मी कधीपासून तेच सांगतेय," लेक म्हणाली.

ताईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "बटण दाबता आलं, म्हणजे मला सगळं जमलं असं धरशील? सोमवारी जाशील?"

लेक ओट्यावरचे कप उगाच एका रांगेत लावत बसली.

"बघा," ताई विक्रेत्याला म्हणाल्या. "तुमच्या बटणाने माझं काम व्हायचं नाही. ते खालच्या फळीवर काय आहे?"

फळीवर लहानसा पत्र्याचा डबा वाटावा असं एक मशीन होतं. एके काळी असलं मशीन कुणी दाखवलं असतं तर भातुकलीचं म्हणून ताईंनी हिणवलं असतं.

"ते नको मावशी. त्यात बॉयलर एकच. आधी कॉफी काढायची, मग वाफेचं बटण दाबून दिवा लागेपर्यंत थांबायचं, मग दूध. एका वेळी एकच काम. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला कंटाळा येईल."

"काय म्हणालात?"

"कंटाळा येईल."

"त्याच्या आधी."

"एका वेळी एकच काम."

"वर काढा ते," ताई म्हणाल्या.

मशीन तापेपर्यंत ताईंनी ते चारी बाजूंनी न्याहाळलं. मग ते मागे भिंतीला टेकवलं आणि उजव्या हाताचं कोपर त्याच्या डोक्यावर रोवलं. बोटं रुसली होती, पण कोपराला वजन होतं. कॉफीची पूड भरलेली चाळणी दांड्यासकट मशीनच्या तोंडाखाली बसवून त्यांनी डाव्या हाताने दांडा फिरवला. पहिल्यांदा तो घसरला. लेकीचा हात पुढे आला.

"हात मागे."

दुसऱ्यांदाही घसरला. तिसऱ्यांदा ताईंनी ओठ दातांखाली धरले, अंगाचा भार टाकला, आणि दांडा खट्कन बसला. कॉफी उतरली, बारीक धारेने, पिंगट रंगाची. ताईंनी खटका बंद केला, वाफेचं बटण दाबलं आणि थांबल्या.

ते थांबणं त्यांना फार आवडलं. काउंटरवर असताना त्यांना अशी उसंत कधी मिळाली नव्हती. उजवा हात ओट्यावर पालथा ठेवून त्यांनी डाव्या हाताने घाम पुसला, एक कप उलटा घालून त्यावर दुधाचं भांडं ठेवलं, नळीचं टोक दुधात बुडेल असं. दिवा लागला. आधी वाफेची कळ फिरवली, मग तोच हात भांड्याला लावला. दूध आधी चिरकलं, मग त्याचा आवाज जाड झाला, आणि नेमक्या क्षणी ताईंनी कळ बंद केली. कान अजून शाबूत होते. दूध कॉफीवर ओतताना धार जरा वाकडी गेली, पण एक थेंब बाहेर पडला नाही.

"घे," त्यांनी कप लेकीपुढे सरकवला.

लेकीने घोट घेतला.

आता, ज्या बाईने सत्तावीस वर्षं लोकांच्या हातात कप दिले, तिला पहिल्या घोटाचा चेहरा वाचता येत नाही असं कसं होईल? पहिल्या घोटाला माणसाला खोटा चेहरा करता येत नाही, पुढच्या घोटांना येतो. कॉफी उत्तम झाली होती, हे ताईंना दिसलं. आणि तेवढ्यासाठीच पोरीचा चेहरा पडला होता, हेही दिसलं.

"छान झालीय गं," लेक म्हणाली. दुसऱ्या घोटाला ती हसली.

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. तिच्या कचेरीतून फोन आला की ही वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर जाते. तीन महिन्यांत एकाही मैत्रिणीशी तिकडचं काही बोलली नाही. आपण आपल्या हाताच्या काळजीत, आपल्याला दिसलंच नाही.

"तुला जायचं नाहीये."

"तसं काही नाही आई."

"मग कसं आहे?"

विक्रेता शहाणा माणूस. फरशी पुसायचं निमित्त करून तो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

"सकाळी उठलं की आधी न जायचं कारण शोधते," लेक कपात बघत म्हणाली. "पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबते ना, तेव्हा वाटतं, दार उघडूच नये. साहेब सगळ्यांसमोर नकाशा फाडतात आणि मग तोच चिकटवून द्यायला लावतात. चार वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या हाताचं निमित्त होतं ना. आईचं दुखणं म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही."

ताईंना राग आला, चांगलाच आला. तीन महिने त्या रबरी चेंडू दाबत होत्या. आतल्या खोलीत दार लावून, रडत दाबत होत्या, पोर अडकून पडू नये म्हणून. आणि पोरीला अडकून पडायचंच होतं. पण राग करायचा तर कुणावर, त्या साहेबावर की समोर मान खाली घालून उभ्या या एवढ्या वाढलेल्या घोडीवर? चौतिसाव्या वर्षीही तिचा खालचा ओठ लहानपणासारखाच थरथरत होता. ताईंना भडभडून आलं.

"राजीनाम्याचं पत्र लिहिलंयस?"

लेकीने फोन काढून दाखवला. पत्र तयारच होतं, फक्त पाठवायचं राहिलं होतं. "आईच्या प्रकृतीच्या कारणास्तव मला नोकरी सोडावी लागत आहे."

ताईंनी वाचलं आणि फोन परत दिला.

"जायचं नसेल तर जाऊ नकोस. घर तुझंच आहे, राहा हवं तितकं. पण माझं दुखणं पुढे करायचं नाही. मला बरं व्हायचंय, आणि तुझ्या पत्रात मी कायमची आजारी राहीन. ते वाक्य काढ."

"मग काय लिहू?"

"जे आहे ते."

त्यांनी विक्रेत्याला हाक मारली. "हेच मशीन द्या. पण बांधू नका अजून, माझी स्वतःची कॉफी व्हायचीय." बॉयलर वाफेने फार तापला होता, तो जरा निवावा म्हणून त्यांनी आधी नुसतं पाणी सोडलं, मग चाळणी धुऊन पुन्हा पूड भरली. घाई अशी कसलीच नव्हती.

लेकीने बराच वेळ अंगठा हलवला, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी फोन ताईंच्या समोर ओट्यावर ठेवला. एकच ओळ उरली होती. "मला तिथे परत यायचं नाही, म्हणून मी राजीनामा देत आहे."

ताईंनी ती दोनदा वाचली.

"पाठव."

"तू दाब ना," लेक हळूच म्हणाली.

ताईंनी कोपर मशीनवर रोवलं आणि दांडा खट्कन बसवला, पहिल्याच खेपेला.

"माझ्या हाताला काम आहे," त्या म्हणाल्या. "तुझं तू दाब. मी आहे इथे."