शुक्रवारी पाच वाजता

सायरागुलआपाच्या अंगणात गुडघाभर बर्फ साचला होता, तरी अर्धं गाव तिथं उभं होतं. वीज कधी जाणार हे पूर्वज तिच्या कानात सांगतात, अशी तिची ख्याती. याआधी दोनदा तिनं वेळ सांगितली, दोन्ही वेळा वीज बरोबर गेली.

मेंढीचं हाड निखाऱ्यांवर फिरवत ती म्हणाली, "शुक्रवारी पाचला अंधार उतरेल. पूर्वज रुसलेत. मी काय करणार, मी नुसती निरोप सांगणारी."

शुक्रवारी पाचला अंधार उतरला. थंडी उणे सत्तावीस. असानकुल म्हाताऱ्याचं प्राणवायूचं यंत्र बंद पडलं. तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालेली गाडी घाट उतरायच्या आतच तो गेला.

मयताच्या घरीही बायकांनी सायरागुलला मानाची जागा दिली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरी मीही सरकून तिला वाट करून दिली. तेवढ्यात वीजकेंद्रावरची अनारकान आली. आधी ती म्हाताऱ्यासाठी रडली. मग नोंदवही काढून एकेकीला विचारू लागली, शुक्रवारी चारला काय करत होतात? कुणी विजेच्या भट्टीत पाव भाजले होते, कुणी बादल्या भरभरून पाणी तापवलं होतं. अंधार यायच्या आत घर ऊबदार करून ठेवावं म्हणून सगळ्यांनी हीटर लावले होते.

"एरवीच्या पावणेदोनपट वीज ओढलीत," अनारकान म्हणाली. "ट्रान्सफॉर्मर पाचपर्यंत कसाबसा टिकला, मग जळाला. थंडीत संध्याकाळी वीज जातेच. पहिलं भाकीत कुणाचंही लागलं असतं. पुढची दोन तुम्हीच खरी केलीत."

असानकुलची बायको बुरमा हळूच म्हणाली, "मीही दोन्ही हीटर लावले होते. त्यांना गारठा लागू नये म्हणून."



नवा ट्रान्सफॉर्मर बसला, तशी सायरागुलनं मंगळवारी पाचची वेळ सांगितली. बुरमा काठी टेकत घरोघर फिरली. शेणी जाळा, हीटर एकच ठेवा, एवढंच सांगत राहिली. मंगळवारी पाच वाजले, सहा वाजले, दिवे जळत राहिले. पूर्वजांचा रुसवा गेला, असं सायरागुल म्हणाली, आणि काहींना तेही पटलं.

पावसाचं भाकीत ऐकून ढग बदलत नाहीत. विजेचं भाकीत ऐकून मात्र आपले हात बटणांकडे जातात, आणि तेच हात ते खरं करतात. म्हणून भविष्य खरं ठरलं की लगेच नतमस्तक होऊ नका. ते ऐकल्यावर आपण काय केलं, हे आधी विचारा. आमच्या गावात तो प्रश्न एका माणसाच्या मरणानंतर विचारला गेला.