मास्तरांचा होकार

"तुम्ही जे ऐकाल ते माझ्यासारखंच तुमच्याही पोटात राहायला हवं," फादर म्हणाले. "पापांची कबुली देणाऱ्याचं बोलणं कळत नसेल, तर मधे माणूस बसवता येतो. पण बंधन त्यालाही तेच."

"राहील," सून म्हणाली. तिने मशीनवरचा अर्धा उसवलेला पायजमा बाजूला ठेवला आणि खुर्ची सासऱ्यांच्या पलंगाशी ओढली.

सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची. तीस वर्षं त्यांनी मुलांना धर्मशिक्षण दिलं होतं. स्वर्गात कोण जातो, नरकात कोण, हे असं ठासून सांगायचे की जणू यादी त्यांच्याच खिशात. अर्धांगवायूने त्याच तोंडाची वाट लावली. चार वर्षं त्यांना भरवणाऱ्या सुनेखेरीज त्यांचा शब्द कुणाला कळत नव्हता, पोटच्या मुलालाही नाही. आणि आता डॉक्टरांनी फार तर दोन दिवस सांगितले होते.

ती याच दिवसाची वाट बघत होती, खोटं कशाला बोला? एकोणीस वर्षांपूर्वी याच घरात तिची मुलगी जन्मली आणि सहा तास जगली. "फादरना बोलवा," म्हणून तिने मास्तरांचे पाय धरले होते. "चर्चमध्ये लग्न न करता आलीस, तुझ्या पोरीला कसला बाप्तिस्मा?" असं म्हणून ते बाळाला उबेला ठेवायला शेगडीच्या खोलीत घेऊन गेले. बाळाला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. वर शांतपणे सांगितलं, "बाप्तिस्म्याविना गेलेल्याला देवाचं तोंड दिसत नाही." म्हणजे मेल्यावरही लेक भेटायची नाही. हे उराशी धरून ती जगली. आज मात्र म्हाताऱ्याचा स्वर्ग तिच्या जिभेवर होता, आणि तिला त्याचं बरं वाटत होतं.

फादर डोळे मिटून, मान खाली घालून बसले. मास्तर बोलू लागले. शेजाऱ्याविरुद्ध खाल्लेली खोटी शपथ, बायकोवर उगारलेला हात. तिने जसंच्या तसं सांगितलं. मग मास्तर थांबले, आणि बराच वेळ अडखळत बोलले.

"काय म्हणतात?"

तिने शब्दन्‌शब्द सांगितला. "म्हणतात, सुनेचं बाळ जायच्या आधी मी स्वतः त्याच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. जीव जात असला की कुणीही देऊ शकतो, मला ठाऊक होतं. तिला मुद्दाम सांगितलं नाही. तिची खोड मोडायची होती."

म्हणजे पोर देवापाशी पोचली होती. केव्हाच पोचली होती. आणि हा माणूस चार वर्षं तिच्या हातून घास घेताना हे गिळून बसला होता. तिला रडू आलं, आणि रडण्याआधी संताप आला.

"पश्चात्ताप होतोय का, विचारा," फादर म्हणाले.

"बाबा, पश्चात्ताप होतोय?"

मास्तरांच्या तोंडून घोगरा आवाज निघाला. पुन्हा निघाला. हो म्हणत होते. तिला स्वच्छ कळलं.

"नाही म्हणतात," ती म्हणाली.

मास्तरांचे कान शाबूत होते. त्यांचा धड राहिलेला हात चादरीवर फडफडू लागला.

"पश्चात्तापाविना मला क्षमा देता येत नाही, ताई," फादर उठत म्हणाले. "नीट कळलं ना तुम्हाला?"

"मला त्यांचं सगळं कळतं." ती त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. "उद्या सकाळी या, फादर. उद्या हो म्हणतील."

"आणि तोवर काही झालं तर?"

"तर कुठे जातील, ते त्यांनीच वस्तीभर शिकवलंय."

ती परत आली. मास्तर तिच्याकडे बघत होते. इतकं घाबरलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"एकच रात्र आहे, बाबा. मी एकोणीस वर्षं काढली." मग तिने विचारलं, "बाप्तिस्मा दिलात, तर नाव काय ठेवलंत?"

त्यांनी सांगितलं. तिने ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. कुंपणापाशी बसून इतकी वर्षं ती नुसतं 'बाळ' म्हणत आली होती.

म्हातारा सकाळपर्यंत टिकायला हवा, म्हणून तिने दूध कोमट केलं आणि चमच्याने पाजलं. रोजच्यासारखं त्यांचं तोंड पुसलं. डोळे पुसले नाहीत.