थोरल्याची नोंद

माझे सासरे नळकारागीर होते. गावातल्या निम्म्या घरांचे नळ त्यांच्या हाताखालून गेलेले. कुणाच्याही घरी गेले की हत्यारांची पिशवी खाली ठेवायचे आणि आधी भिंतीवरचे फोटो बघायचे. लग्नातले, सहलीतले, आजोबा-पणजोबांचे, सगळे. लोकांना वाटायचं, माणूस जरा चौकस आहे. खरं कारण आम्हा घरच्यांनाच माहीत होतं. ते आपल्या थोरल्या भावाचा चेहरा शोधत असायचे.

भाऊ नऊ वर्षांचा असताना घरातून पळून गेला होता. तेव्हा सासरे पाच वर्षांचे. वडील रागावले, पोरगं तिरीमिरीत निघून गेलं, पुन्हा आलं नाही; आईवडिलांनी त्यांना सांगितलेली हकिकत एवढीच. पुढे कधी विषय निघाला की आई पदर तोंडाला लावून उठून जायची आणि वडील म्हणायचे, "गेला तो गेला. तू तुझं बघ."

सासऱ्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत. अण्णा मात्र एकोणऐंशीव्या वर्षीही त्या नऊ वर्षांच्या मुलाला दादाच म्हणायचे. चिडले की पळपुटा म्हणायचे. "आला ना पळपुटा, तर आधी एक मुस्काटात देणार," मला म्हणायचे, "आणि मग तुला सांगणार, सूनबाई, याला पोटभर वाढ."

मी औषधांच्या दुकानात काम करते. वीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षरही मला लागतं. एकदा एक बाई चिठ्ठीसोबत एक जुना कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "औषधं नंतर द्या, आधी हे वाचता येतं का बघा." त्यांच्या पणजीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल होती ती. मी वाचून दिली. त्यांनी मला फोनवरच्या एका गटात घेतलं. त्यात गावोगावची माणसं होती आणि सगळ्यांचा उद्योग एकच, आपापले पूर्वज शोधणं. ज्याच्या गावात जी वही, ती त्यानं दुसऱ्यासाठी बघायची. मी कुणाच्या गावात जाऊ शकत नव्हते, म्हणून सगळ्यांची न लागणारी अक्षरं माझ्याकडे येऊ लागली. गटात माझं नाव अक्षरताई पडलं.

वर्षभर मी लोकांचे खापरपणजोबा वाचत होते. मग एक दिवस वाटलं, आपल्या घरातलाच एक माणूस हरवलाय, त्याला कोण शोधणार?

आमच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या वह्या तळमजल्यावर आहेत. तिथल्या कारकुनाच्या घरचा गिझर अण्णांनीच बसवलेला, त्यामुळे फार हेलपाटे पडले नाहीत. दोन्ही भावांचे जन्म सापडले. थोरल्याचा मृत्यू मात्र सापडला नाही. कारकुनानं आणि मी मिळून सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या वह्या पालथ्या घातल्या, नावच नाही.

मी ते घरी जाऊन सांगितलं. सांगायला नको होतं.

अण्णांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे आहे."

"तसंच काही नाही अण्णा. दुसऱ्या गावी..."

"त्र्याऐंशी असेल आता त्याचं वय. त्र्याऐंशी काही फार नाही. चौकातला शिंपी अठ्ठ्याऐंशीचा आहे, अजून सुईत दोरा ओवतो." दुसऱ्या दिवसापासून ते रोज दाढी करायला लागले. नवरा मला म्हणाला, "बघ, तू काय करून ठेवलंस."

मी गटात लिहिलं. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, शाळेच्या दाखल्यावरची नाव कमी केल्याची तारीख. चार तासांवरच्या मोठ्या शहरातून एका गृहस्थांचं उत्तर आलं. त्यांना गटात कोर्टकाका म्हणत. चाळीस वर्षं कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. दर मंगळवारी डबा घेऊन त्यांच्या शहरातल्या नोंदणी कचेरीत बसायचे आणि दुसऱ्यांची माणसं शोधायचे. त्यांच्या स्वतःच्या सात पिढ्या त्याच शहरात जन्मल्या आणि मेल्या. "मला शोधायला कुणी उरलंच नाही," म्हणायचे, "म्हणून उसनी माणसं शोधतो."

त्यांनी लिहिलं, "ताई, माणूस मरतो तिथं त्याची नोंद होते, राहतो तिथं नाही. तुमच्या भागातले साथीचे रोगी पूर्वी आमच्या इथल्या दवाखान्यात आणत. आशा करू नका, पण बघतो."

दोन मंगळवार गेले. तिसऱ्या मंगळवारी दुपारी, दुकानात गर्दी नसताना, त्यांच्याकडून एक फोटो आला. खाली एकच ओळ होती. "अक्षर लागत नाही, तुम्हीच वाचून घ्या."

अक्षर चांगलं मोत्यासारखं होतं. वय नऊ. रोगाचं नाव घटसर्प. शाळेतून नाव कमी झालं त्याच्या एकवीस दिवस आधीची तारीख. शेवटच्या रकान्यात माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं: वडील. पुढे सही. तीच सही मी आमच्या घराच्या जुन्या कागदांवर पाहिली होती.

मी काकांना फोन केला. "तुम्हाला लागलं होतं अक्षर."

"लागलं होतं," ते म्हणाले. "पण माझ्या तोंडून नको वाटलं." मग म्हणाले, "अजून एक पान आहे. दवाखाना बंद झाला तेव्हा त्यांच्या भरतीच्या वह्या इथंच आल्या. ते पाहिल्याशिवाय घरी काही बोलू नका. हे पाहून आधी तुम्ही ठरवा."

दुसऱ्या पानावर एकाच आडनावाची दोन मुलं होती. धाकटा, वय पाच, महिन्याच्या तीन तारखेला भरती. गळ्याला छेद देऊन नळी घातली. अठ्ठावीस तारखेला बरा होऊन घरी. थोरला, वय नऊ, नऊ तारखेला भरती. चौदा तारखेला मृत्यू. दफन दवाखान्याच्या आवारात.

अण्णांच्या गळ्याखाली बोटभर आडवा व्रण आहे. लहानपणी बादलीच्या काठावर पडलो, असं ते सांगायचे. त्यांनाही तसंच सांगितलेलं. मी औषधांच्या दुकानातली. घटसर्प घरात कसा फिरतो ते मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. धाकटा आधी आजारी पडला होता. थोरल्याला त्याच्याकडून लागण झाली.

नवऱ्याला दोन्ही पानं दाखवली. त्यानं ती वाचून पालथी ठेवली. "झाकली मूठ राहू दे," म्हणाला. "एवढी वर्षं राहिली, आणखी थोडी."

"रोज दाढी करून बसतात रे ते."

"मग पहिलं पान सांग. दुसरं नको."

मलाही तेच बरं वाटलं. रविवारी सकाळी मी अण्णांजवळ बसले आणि सांगितलं, "अण्णा, दादा पळून गेले नव्हते. आजारानं गेले. नऊ वर्षांचे असतानाच."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कुठं?" मी शहराचं नाव सांगितलं. "नोंद कुणी केली?"

मला खोटं बोलता आलं नाही. "तुमच्या वडिलांनी."

मी समजत होते, ते रडतील. ते रडले नाहीत. उठले, स्टूल घेतलं आणि वडिलांचा फोटो खिळ्यावरून काढून कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवला. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला स्टुलावर चढू द्यायला नको होतं, पण त्यांना अडवायची हिंमत मला झाली नाही.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. दाढी बंद झाली. जेवायला बसले की घास हातात धरून बोलायचे. "म्हाताऱ्याला माहीत होतं. मी सतराव्या वर्षी दादाला शोधायला दोन दिवस घराबाहेर राहिलो, तेव्हा मला पट्ट्यानं मारलं त्यानं. तेव्हाही नाही सांगितलं. मरताना मी उशाशी होतो, तेव्हाही नाही. आईनंसुद्धा नाही. दोघांनी मिळून मला येडा बनवला." एकदा तर म्हणाले, "माझ्या घराण्यात बाप नव्हताच असं लिही तुझ्या गटात."

मी कोर्टकाकांना विचारलं, काय करू.

ते म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांचं खोटं ऐकलंय मी, ताई. बहुतेक खोटं स्वतःची कातडी वाचवायला असतं. हे तसलं नाही. पण ते त्यांना कळल्याशिवाय त्यांचा बाप सुटत नाही, आणि कळलं तर ते स्वतः सुटत नाहीत. कोर्टात असताना असले निकाल साहेबावर सोडायचो मी. इथं साहेब तुम्हीच."

मी आणखी दोन दिवस काढले. मग एका संध्याकाळी चहा झाल्यावर दुसऱ्या पानाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. "अण्णा, एवढं वाचा. आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचलं. तीन तारीख. नऊ तारीख. चौदा. अठ्ठावीस. पुन्हा वरून वाचलं. त्यांचा डावा हात आपोआप गळ्याकडे गेला आणि व्रणावर थांबला. नवरा दारात उभा होता, तोही आत आला नाही.

"मी आधी," अण्णा म्हणाले.

मी मान हलवली.

"आम्ही एकाच पांघरुणात झोपायचो. मला ताप होता तेव्हा आई म्हणाली असेल त्याला, तू तिकडे झोप. तो ऐकायचा नाही कुणाचं." त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली. "माझ्याकडून लागलं त्याला."

"तुम्ही पाच वर्षांचे होता अण्णा."

"म्हणून तर नाही सांगितलं. पाचव्या वर्षी कळलं असतं तर मी जगलो नसतो नीट. नंतर सांगायचं राहिलं असेल, मग सांगण्यासारखं उरलं नसेल." त्यांनी कागद गुडघ्यावर सपाट केला. "पळून गेला म्हणाले. मी रागावत राहावं म्हणून. रागावून माणूस जगतो." मग अगदी हळू म्हणाले, "आणि मी त्याला पळपुटा म्हणत राहिलो गं."

तेव्हा ते रडले. नवरा त्यांच्याजवळ जमिनीवर येऊन बसला. आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, बापलेकांना मी एकमेकांना हात लावताना तोवर पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं अण्णांनी कपाटाकडे बोट केलं. नवऱ्यानं फोटो काढून पुसला आणि जागेवर लावला.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं त्या शहरात गेलो. कोर्टकाका बसस्टँडवर घ्यायला आले होते. फोनवर आवाजानं दांडगे वाटायचे, प्रत्यक्षात काडीसारखे. अण्णांना म्हणाले, "तुमच्या सुनेनं माझ्या पन्नास नोंदी वाचून दिल्यात. तिचे उपकार आहेत माझ्यावर." अण्णा म्हणाले, "आमच्यावरही आहेत. फेडायचे कसे तेवढं सांगा."

दवाखान्याच्या इमारतीत आता सरकारी धान्याचं कोठार आहे. मागचं आवार मोकळंच होतं, कुंपणाची तार गंजलेली, गवत गुडघाभर. रांगा ओळखू येत नव्हत्या. काकांनी जुन्या नकाशाची नक्कल आणली होती. ती धरून त्यांनी पावलं मोजली आणि एका जागी थांबले. "लहान मुलांची बाजू ही. नेमकी जागा नाही सांगता येणार."

अण्णांनी चपला काढल्या आणि गवतात उभे राहिले. "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं," त्यांनी विचारलं, "ते लिहिलंय का कुठं?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "नाही. वहीत तेवढं नसतं."

"आई माझ्यापाशी असणार," अण्णा म्हणाले. "मी लहान होतो. नळी होती गळ्यात. ती मला सोडून गेली नसणार." ते वाकले, हातानं थोडं गवत बाजूला केलं, खालची माती चाचपून पाहिली. तेवढंच. आम्ही अर्धा तास होतो तिथं. पहारेकरी एकदा येऊन काय हवं म्हणून विचारून गेला. काकांनी त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, तर तो आमच्यासाठी खुर्ची घेऊन परत आला. अण्णा बसले नाहीत.

घरी परत येताना बसमध्ये त्यांनी बोलायला सुरुवात केली. मला वाटतं, तोवर ते दादाविषयी कधी बोललेच नव्हते. बोलायचे ते त्याच्या पळून जाण्याविषयी. दादाला जीभ नाकाच्या शेंड्याला लावता यायची. तो उंदराला घाबरायचा, पण सापाला नाही. अण्णांच्या चपलेचा अंगठा तुटला की तो स्वतःच्या चपला त्यांना देऊन अनवाणी चालायचा. एकदा दोघांनी शेजारच्यांचे पेरू चोरले आणि दादानं मार एकट्यानं खाल्ला.

"आणि?" नवऱ्यानं विचारलं.

अण्णा खिडकीबाहेर बघत आठवत राहिले. एक गाव गेलं, दुसरं गेलं.

"आणि काही नाही," ते म्हणाले. "एवढंच आहे माझ्याकडे. पाच वर्षांचा होतो ना मी."