कोड ब्लूची पेशंट

उद्या ॲक्रेडिटेशनवाले हॉस्पिटलचा दर्जा तपासायला येणार, म्हणून आज दुपारी रंगीत तालीम होती. त्यात मरायला टेकलेल्या पेशंटचं काम माझ्या वाट्याला आलं. बरंच झालं. डबल ड्युट्या करून करून मी तशीही अर्धी मेलेलीच होते.

मानपाड्याच्या आमच्या हॉस्पिटलात भिंतींना नवा रंग लागला, हात कसे धुवायचे त्याचे तक्ते लागले, आणि माणसं मात्र एकेक करून सटकली. सान्वी ठाण्याला गेली, विनीत कल्याणला. मलाही कळव्याच्या एका हॉस्पिटलातून बोलावणं आलेलं. हो की नाही, ते आज सांगायचं होतं. मेट्रन मंदाकिनी मॅडमना हे ठाऊक होतं. पण मला हाताला धरून शिकवलेलं त्यांनीच, त्यामुळे हो म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

"नुसती पडून राहा, अंतरा," त्या म्हणाल्या. "टीम येईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत."

स्पीकरवर 'कोड ब्लू' पुकारलं. म्हणजे कुणाचं तरी हृदय बंद पडलंय, टीमने हातातलं टाकून धावायचं. मी डोळे मिटले. धुतलेल्या चादरीचा वास आला, पंखा वर कुठेतरी लांब फिरत राहिला, आणि खाट पाण्यावर सोडल्यासारखी हळूच हलली.

मग ते आले. सान्वी ट्रॉली ढकलत, मागून विनीत, सोडून गेलेले सगळेच. कुणालाच घाई नव्हती. चेहरे कसे ताजे, झोप पुरी झालेले. सान्वीने माझ्या कपाळावर हात ठेवला. "उठू नकोस गं, आम्ही आहोत." मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

डोळे उघडले तर मॅडम एकट्याच. धापा टाकत, अंबाडा सुटलेला.

"टीम कुठाय?"

"कसली टीम? चौघांतले तिघे गेले. चौथी तू."

मी त्यांना स्वप्न सांगितलं.

"मी होते का गं त्यात?"

"नाही. फक्त सोडून गेलेले होते."

त्या हसल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या. मी त्यांना धरून आडवं केलं. "आता तुम्ही पेशंट. टीम येईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत."

लगेच त्यांचा डोळा लागला. तेवढ्यात कळव्याचा फोन आला. मी दाराबाहेर जाऊन हळू आवाजात हो म्हणाले. जीव तुटत होता, तरी म्हणाले.

परत आत आले तर मॅडम झोपेतच पुटपुटल्या, "अंतरा, आलीस?"

"आले, मॅडम," मी म्हणाले.